ढीग म्हणावं की रास?

जमिनीवर खूप काहीतरी पडलं आहे, एवढंच सांगायचं आहे. मराठीत सांगायला गेलात की भाषा दारातच अडवते. पडलंय काय? आणि पडलं कसं?

प्राजक्ताची फुलं असतील तर सडा. पानगळीतली पिंपळाची पानं असतील तर खच. खळ्यावरची ज्वारी असेल तर रास. पाडलेल्या भिंतीचा राडारोडा असेल तर ढीग. आता हे शब्द आपसांत बदलून बघा. प्राजक्ताचा ढीग? म्हणजे कुणीतरी खराट्याने फुलं लोटून कोपऱ्यात केली. ज्वारीचा सडा? म्हणजे पोतं फाटलं आणि गाडीमागे रस्ताभर दाणे सांडत गेले. पानांची रास? म्हणजे कुणीतरी ती मुद्दाम गोळा करून, बहुधा खतासाठी, नीट घातली. वस्तू त्याच राहिल्या. एक शब्द बदलला आणि आख्खी हकीकत बदलली!

म्हणजे हे शब्द ‘खूप’ एवढंच सांगत नाहीत. त्या वस्तू तिथे आल्या कशा, हेही सांगतात. सडा विखुरलेला असतो, त्यात प्रत्येक फूल सुटं दिसतं. खच पडत पडत साचतो, खालची जमीन दिसेनाशी होते. रास कुणीतरी घातलेली असते, तिच्यात मोल असतं. ढीग टाकलेला असतो, त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. म्हणूनच ऑफिसात कामाचा ढीग असतो. कामाची रास पडलीय, असं कधी ऐकलंय? धुण्याचा ढीग असतो आणि सोन्याची रास असते. उलट करून बोललात तर ऐकणारा हसेल. का हसला, हे मात्र त्याला सांगता येणार नाही.

हे आपल्याला शिकवलं कुणी? शाळेत समूहदर्शक शब्दांची यादी होती खरी. पक्ष्यांचा थवा, गुरांचा कळप, उंटांचा तांडा, पाठ केलं, मार्क मिळाले. पण ढीग आणि रास यांच्यातला फरक त्या यादीत नव्हता. तो तुम्ही अंगणात, मोरीत, धान्याच्या कणगीपाशी कानांनी उचललात. व्याकरणाच्या पुस्तकात नसलेलं, आणि तरी कोट्यवधी लोक सहसा न चुकता पाळतात, असं हे एक आख्खं वर्गीकरण आहे. एकदा दिसायला लागलं की ते सगळीकडे दिसतं.

मंडईत चला. कोथिंबीर जुडीने मिळते. कुठे तिला गड्डी म्हणतात, कोल्हापूरकडे पेंडी. जुडी म्हणजे एका मुठीत मावेल आणि दोऱ्याच्या एका वेढ्यात बांधून होईल एवढं. मूठ मोठी झाली, कवेत घ्यावं लागलं, की शब्द बदलला. ज्वारी काढल्यावर कडब्याची होते ती पेंढी, आणि ती बांधायला बऱ्याचदा त्याच धाटांचा पीळ वापरतात. लांब, कडक आणि डोक्यावरून न्यायचं असेल तर मोळी. लाकडाची मोळी, उसाची मोळी. गवत मोळीने नेत नाहीत, त्याचा भारा होतो. गवत दबतं, फुगतं, डोक्यावरून खांद्यापर्यंत उतरतं. लाकूड तसं करत नाही. हा फरक मानेला कळतो, आणि मानेला कळलेलं शब्दात उतरलं आहे.

त्यातला एक शब्द तर मला कमालीचा आवडतो: पाचुंदा. कडब्याच्या पाच पेंढ्या एकत्र म्हणजे एक पाचुंदा. कडब्याचा भाव शेकड्याने ठरतो. तो शेकडा पेंढ्यांचा. भर उन्हात शंभरापर्यंत एकेक पेंढी मोजायची आणि मध्येच कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा पाच-पाचचे वीस पाचुंदे मोजा, चूक होण्याची शक्यताच कमी. शब्दाच्या पोटात आकडा बसवून कुणीतरी हिशेब सोपा करून ठेवला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, दुसरी वाढवलेली आवृत्ती 1857 साली. तो कोश सहज चाळलात तरी शेतीभातीचे असे शब्द पानोपानी भेटतात.

आता बांधलेल्या वस्तू बाजूला ठेवू आणि एकावर एक रचलेल्या बघू. इथे मजा आणखी वाढते.

रुपयाची नाणी एकावर एक ठेवली तर चळत. भाकऱ्यांची चळत, ताटांची चळत. मडकी एकावर एक ठेवली तर उतरंड. दोन्हीकडे रचना उभीच आहे, मग शब्द दोन कशाला? चळतीत सगळे नग एका मापाचे असावे लागतात. उतरंडीत ते एका मापाचे असून चालतच नाही! सर्वांत मोठा रांजण तळाला, त्यावर त्याहून लहान मडकं, असं करत करत शेवटचं बोळकं टोकाला. सारख्या आकाराच्या दहा घागरी एकमेकींवर ठेवल्या, तर त्याला उतरंड म्हणायला जीभ वळणार नाही.

आणि बघा, जातिव्यवस्थेबद्दल बोलताना मराठीने कोणता शब्द उचलला? जातीची उतरंड. जातींची चळत असं कुणी म्हणत नाही. म्हणूच शकत नाही, कारण चळतीत कुणी लहान-मोठं नसतं. तळाच्या मडक्यावर सगळ्यांचा भार, हे चित्रही त्याच शब्दात आलं. समाजशास्त्राचं एक आख्खं प्रकरण माजघरातल्या एका शब्दाने उरकलं.

थप्पी पोत्यांची, विटांची, ज्यांना कडा असतात आणि जे एकमेकांना टेकून बसतात त्यांची. गंजी कडब्याची, आणि ती नुसती रचलेली नसते. पावसाचं पाणी आत न मुरता निथळून जावं म्हणून तिचा माथा उतरता ठेवावा लागतो. गंजी लावणं हे कसब आहे, ढीग घालायला कसब लागत नाही.

पण या सगळ्यांत मला थक्क करतो तो शब्द म्हणजे आढी. आंबे पेंढ्यात थराथराने मांडले, वरून पुन्हा पेंढा घातला, की ती आढी. ही कुठली रचना? चळत नाही, थप्पी नाही, ढीग तर नाहीच. आढीची खूण तिच्या आकारात सापडतच नाही. ती ज्यासाठी घातली त्यात सापडते. आंबे पिकावेत म्हणून घालतात ती आढी. फळ पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि तोच वायू शेजारच्या फळाला पिकायला लावतो. पेंढा ती ऊब आणि तो वायू जवळच धरून ठेवतो, शिवाय फळं एकमेकांवर चेपत नाहीत. इथिलीनचं नाव माहीत नसलेल्या माणसांनी त्याचा उपयोग करून घेतला आणि त्या मांडणीला स्वतंत्र नावही दिलं. हेच आंबे विक्रीसाठी टेबलावर मांडले की आढी संपली. आढी या शब्दात चक्क काळ आहे. वाट बघणाऱ्या आंब्यांना आढी म्हणतात!

हे झालं एकत्र करण्याचं. एकातून एक सुटं काढण्याचं काय? तिथेही भाषा तितकीच चोखंदळ. फणसाचा गरा. लसणाची पाकळी. डाळिंबाचा दाणा. उसाचं कांडकं. खोबऱ्याची वाटी. हळदीचं तर हळकुंडच. रताळ्याचे काप, काकडीची चकती, लिंबाची फोड. निसर्गानेच आतून पाडलेले भाग असतील तर त्यांना गरा, पाकळी, दाणा अशी आपापली नावं, आणि सुरीने पाडले असतील तर काप, चकती, फोड ही सामाईक नावं. किती सुबक नियम, असं म्हणून पाठ थोपटून घ्यावी तोवर संत्रं आडवं येतं. त्याचे भाग निसर्गाने पाडलेले, तरी आपण म्हणतो संत्र्याची फोड. भाषेचे नियम असेच असतात, एखादं संत्रं प्रत्येकात निघतं.

गुळाची गोष्ट थोडी जवळून बघण्यासारखी आहे. कोल्हापूरच्या बाजार समितीत गुळाचे रवे येतात. तोच गूळ वाण्याकडे ढेप म्हणून दिसतो, आणि चहाबरोबर हातावर येतो तो खडा. पदार्थ एक, पण सौद्याला एक शब्द, फोडायला दुसरा, तोंडात टाकायला तिसरा. ‘मला दोन गूळ द्या’ असं म्हणता येत नाही हे मात्र लक्षात घ्या. गूळ, मीठ, पीठ, पाणी यांना मोजता येईल अशी कड नसते. कान नसलेला गरम कप उचलता येत नाही, तसा नुसता गूळ वाक्यात उचलता येत नाही. खडा, ढेप, चिमूट, ओंजळ हे शब्द त्याला कान लावून देतात.

आता जरा मराठीच्या अंगणाबाहेर डोकावू. चिनी भाषेत असा कान प्रत्येक वस्तूला लागतो, अगदी मोजता येणाऱ्या वस्तूंनाही. ‘तीन मासे’ म्हणता येत नाही, मध्ये ‘त्याव’ घालावा लागतो. हा त्याव लांब, वळणाऱ्या गोष्टींचा. म्हणून तोच नदीला लागतो, रस्त्याला लागतो आणि, धरून बसा, पँटलाही लागतो. कागद, टेबल आणि पलंग यांचा वर्ग दुसरा, कारण तिन्हींना सपाट पृष्ठभाग. जपानीत लांबट गोल वस्तूंसाठी ‘होन’ आहे: पेन्सिल, बाटली, झाड. आणि फोन कॉलसुद्धा! आपल्याकडे असमिया भाषेत ‘खन’ हा प्रत्यय पुस्तकाला लागतो, होडीला लागतो, नदीला लागतो, आणि काठीसारख्या लांब वस्तूला ‘डाल’. बंगालीत माणसं मोजायला ‘जन’. म्हणजे हे लोक काहीही मोजण्याआधी त्याची वर्गवारी करतात, दर वाक्यात, श्वास घेण्याइतक्या सहज.

कीथ ॲलन या भाषाशास्त्रज्ञाने 1977 साली अशा पन्नासहून अधिक भाषा तपासून एक प्रश्न विचारला. माणसं हे वर्ग पाडतात तरी कशावरून? उत्तरात सात कसोट्या निघाल्या. वस्तू कशाची बनली आहे, तिचा आकार, ती मऊ की कडक, लहान की मोठी, कुठे आहे, कशी मांडली आहे आणि किती आहे. आपली चळत, उतरंड, जुडी, रास सगळी मंडळी त्या ‘कशी मांडली आहे’च्या रकान्यात आरामात बसतात.

पण खरा धक्का त्या यादीत जे नाही त्याचा आहे. काय नाही, सांगा बघू?

रंग. लाल वस्तूंचा एक वर्ग, निळ्यांचा दुसरा, असं मोजमापाच्या शब्दांत कुठेही सापडलं नाही. जगाकडे डोळे उघडून पाहिलं की रंग किती ठळक दिसतो! आणि तरी या कामात त्याला कुणी विचारत नाही. ॲलन यांचं स्पष्टीकरण साधं आणि सुंदर आहे. आकार, कडकपणा, मांडणी या गोष्टी डोळ्यांना कळतात तशा हातांनाही कळतात. रंग फक्त डोळ्यांना कळतो. अंधारात चाचपडताना जुडी जुडीच राहते, मोळी मोळीच राहते, पण हिरवं हिरवं राहत नाही.

‘थांबा, लाल कांदा आहे की!’ असं कुणी चाणाक्ष वाचक म्हणेल. बरोबर. चला लासलगावला. तिथल्या लिलावात लाल कांदा आणि उन्हाळ कांदा असे वेगवेगळे भाव पुकारले जातात. पण उन्हाळ कांदासुद्धा लालसरच असतो! मग ‘लाल’ म्हणजे काय? लाल म्हणजे खरिपाचा कांदा, ज्यात पाणी जास्त आणि जो टिकत नाही, आला तसा विकून मोकळं व्हायचं. खरिपाच्याच मागून येणारा तो रांगडा. उन्हाळ म्हणजे रब्बीचा, मार्चच्या पुढे निघणारा, चाळीत भरून चार-पाच महिने भावाची वाट बघू शकणारा. बारीक निघालेला सगळा गोल्टीत. शब्द रंगाचा वाटतो आणि सांगतो मात्र मालाचं आयुष्य. व्यापारी कांद्याला हात घालतो, सालपट चोळतो, मान दाबून बघतो, आणि मग बोली लावतो. इथेही निकाल हातानेच दिला.

मराठीत मोजताना कान लावायची सक्ती नाही. ‘तीन पुस्तकं’ म्हणून मोकळं होता येतं. मात्र एका ठिकाणी मराठी एकदम ताठ होते. माणसं मोजायची असतील तर तिला वेगळे आकडेच लागतात. दोन खुर्च्या, पण दोघे भाऊ. तीन पातेली, पण तिघी बहिणी. चौघांनी खांदा दिला, असं आपण म्हणतो, चारांनी नाही. एवढ्या लहानशा अंकात माणूस की वस्तू हे ठरलं, बाई की पुरुष हेही ठरलं. आणि मग पाचावर आलो की गाडी थबकते. पाचासाठी असा शब्दच नाही. तिथून पुढे पाच जण, सहा जणी, म्हणजे बंगाल्यांसारखा ‘जण’ मध्ये आणावा लागतो.

चारावरच का थांबली? इंग्लंडच्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1871 साली स्वतःवरच एक गमतीचा प्रयोग केला. काळ्या घेवड्याच्या बिया डबीत टाकायच्या, क्षणभर बघायचं आणि न मोजता आकडा बोलायचा. तीन आणि चार बियांना तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या. त्यानंतर मानसशास्त्रज्ञांनी हे पुन्हा पुन्हा तपासलं. तीन-चार वस्तू आपण मोजत नाही, त्या नजरेला थेट दिसतात. दोघे, तिघे, चौघे हे शब्द नेमके त्याच हद्दीत संपतात. या दोन गोष्टींचा संबंध आहे असा माझा दावा नाही, पण मोह मात्र आवरत नाही.

माणसांना वेगळं मोजणारी ही भाषा एका ठिकाणी मात्र उलट वागते. उसाच्या फडात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामात ऊसतोडीला कुटुंबं निघतात. तिथे मजूर मोजले जातात ते कोयत्याने. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, टोळी सांगितली जाते ती कोयत्यांत. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. ज्या भाषेने दोन माणसांसाठी ‘दोघं’ असा खास शब्द राखून ठेवला, तिच्याच एका कोपऱ्यात दोन जिवंत माणसं मिळून एक लोखंडी हत्यार होतात. वर्गवारी निरागस नसते. कोण कशात मोजला गेला यावरून त्याला काय मिळणार हे ठरतं. त्या एका कोयत्यातल्या बाईच्या हातात तिची वेगळी मजुरी पडत नाही, याचं निम्मं उत्तर त्या शब्दातच आहे.

हे सगळे शब्द एकाच गावाचे नाहीत, आणि हीच पुढची मौज. कडब्याच्या ज्या रचनेला मी वर गंजी म्हटलं, तिला कुठे वळई म्हणतात, कुठे बनीम. सोयाबीन कापून रचलं की मराठवाडा-विदर्भात सुडी लागते. कोकणात भाताच्या भाऱ्यांची उडवी होते. हे नुसते एकाच गोष्टीचे पर्याय नाहीत. पीक वेगळं, पाऊस वेगळा, रचायची तऱ्हा वेगळी, म्हणून शब्द वेगळा. यातले कितीतरी शब्द कोशात आलेच नसतील, आणि मळणी यंत्र आल्यावर खळ्याबरोबर काही निघूनही गेले असतील.

तेव्हा एक काम करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमच्याकडे वैरण रचून ठेवायचे त्याला काय म्हणायचे? जळण बांधायचे त्याला? वाळत घातलेल्या मिरच्यांना? जो शब्द येईल तो गावाच्या आणि तालुक्याच्या नावासकट लिहून ठेवा. आणि ‘ढीगच म्हणायचो की’ असं उत्तर आलं, तर आणखी एकदा विचारा. बहुतेक वेळा दुसरा शब्द निघतो.